कोकणातल्या शाळांत वेल्डिंग कुठून आलं

हायस्कुलातल्या पोरांच्या हातात वेल्डिंगचा होल्डर द्यावा की नाही, ही चर्चा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पुन्हा सुरू झाली. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, गावातल्या कारागिराकडून प्रत्यक्ष काम शिकायचं, असं धोरण सांगतं. महाराष्ट्रात याआधी काय काय करून झालंय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवं थोडंच वाटेल.

कोकणात लोखंडाचं काम पूर्वी लोहाराकडे. भाता, ऐरण आणि घण एवढ्यावर कोयते, विळे, नांगराचे फाळ व्हायचे. विद्या बापाकडून मुलाकडे जायची, शाळेचा त्यात संबंध नव्हता. विजेवरचं वेल्डिंग आलं ते मुंबईहून. माझगाव डॉक, परळचं रेल्वे वर्कशॉप, गिरण्यांची फिटिंग खाती अशा ठिकाणी हेल्पर म्हणून लागलेला चाकरमानी बघून बघून वेल्डर व्हायचा. १९८२ च्या गिरणी संपानंतर ज्यांना मुंबईत राहणं परवडेना, त्यांच्यातल्या काहींनी गावाकडे येऊन हातातल्या कसबावर पोट भरलं. वीजही तशी उशिराच कामाला आली. कोयनेचं पोफळीचं वीजघर चिपळूण तालुक्यात, ते सुरू झालं १९६२ च्या सुमारास. पण ती वीज मुख्यतः मुंबई-पुण्याच्या कारखान्यांसाठी होती.

शाळेच्या बाजूने सुरुवात १९३७ ची. वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. बुनियादी शाळांत टकळी आणि चरखा आला, लोखंड फारसं आलं नाही. लोखंड आलं ते टेक्निकल हायस्कुलांतून. तिथे मुलांना फिटिंगचा ‘जॉब’ मिळायचा: लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा. हातावर फोड यायचे, पण मापाचा धाक कायमचा बसायचा. या शाळा मोजक्या आणि मोठ्या गावांतच होत्या. वाडीवरच्या पोराला तिथे पोचणंच अवघड.

१९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सगळ्यांसाठी सुचवला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्याचं रूप दिलं. हेतू चांगला होता. बहुतेक शाळांत त्याचं झालं काय, तर खडू, मेणबत्त्या, कागदी फुलं आणि शेवटी प्रगतिपुस्तकात एक श्रेणी. अकरावी-बारावीत १९८८ नंतर व्यवसाय अभ्यासक्रम आले, किमान कौशल्यांवर आधारलेले; लोकांच्या तोंडी ते इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एमसीव्हीसी’. गुण कमी म्हणून तिकडे गेला, असाच शिक्का त्या मुलांवर बसला.

माझ्या मते यातला खरा वेगळा प्रयत्न पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लीव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे घडलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयाला १९८७ मध्ये एसएससी बोर्डाने मान्यता दिली. आठवी ते दहावी, आठवड्याचा एक पूर्ण दिवस; अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. सगळं सगळ्यांना, म्हणजे मुलीही वेल्डिंग करणार आणि मुलगेही स्वयंपाक. शिकवणारा निदेशक शक्यतो आसपासचाच कारागीर. आणि कळीची गोष्ट म्हणजे लोकोपयोगी सेवा: मुलांनी गावातलं खरं काम करायचं आणि सामानाचा खर्च ज्याचं काम त्याच्याकडून घ्यायचा. वर्कशॉप बंद पडतं ते बहुधा वेल्डिंगचे रॉड, म्हणजे वितळून सांधा भरणाऱ्या कांड्या, आणायला पैसे नसतात म्हणून; इथे त्यावरच उपाय होता. शिवाय शेजाऱ्याचं बाकडं डगमगलं तर तो उद्या दारात उभा राहतो, परीक्षक राहत नाही.

किनाऱ्यावर या कामाची गरज मधल्या काळात वाढतच गेली. लाकूड महागलं, कौलारू घरांच्या जागी स्लॅब आले आणि स्लॅब गळू नये म्हणून त्यावर पुन्हा स्क्वेअर पाइपचा सांगाडा आणि पत्रे. लोटे-परशुराममध्ये रासायनिक कारखाने आले, तिथे पाइपच्या वेल्डिंगला परीक्षा दिलेला वेल्डर लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातली छपरं उडवली, तेव्हा फॅब्रिकेटरच्या दारात रांगा होत्या. खारा वारा तर बारमाही आहे. सांध्यावरचा स्लॅग, म्हणजे वेल्डिंगनंतर वर राहणारी मळीची खपली, नीट झाडला नाही, रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग मारला नाही, तर गंज आधी तिथूनच धरतो. घाटावरच्या पोराला हे पुस्तकात वाचावं लागेल, इथल्याला शाळेचं गेट दाखवलं की पुरे.

२०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानंतर नववी-दहावीत ‘मल्टी स्किल’ नावाने हेच काम पुन्हा आलं. सिंगल फेजवर चालणारी, एका हाताने उचलता येणारी इन्व्हर्टर मशीन आल्यामुळे तेलाच्या जड ट्रान्सफॉर्मरची गरज उरली नाही. धोके मात्र तेच. काळ्या काचेशिवाय ठिणगीकडे पाहिलं की रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, आणि त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवणं हे काही सुरक्षेचं धोरण नव्हे. गॅल्व्हनाइज्ड पाइपवरचा जस्ताचा धूर बंद खोलीत घेतला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो.

कोकणापुरती एक अडचण कुठल्याच अभ्यासक्रमाने विचारात घेतलेली दिसत नाही, ती ऋतूची. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणजे भर पावसात. जमीन ओली, शॉक लागायची भीती. रॉड ओल धरतात आणि सांध्यात छिद्रं पडतात. गावात फॅब्रिकेशनचा हंगाम एप्रिल-मेचा, पावसाआधी शेड उभी राहायला हवी म्हणून आणि चाकरमानी घरी असतात म्हणूनही. नेमकी तेव्हा शाळेला सुट्टी. त्यामुळे इथे वेळापत्रक उलटं लावायला हवं: दिवाळीपर्यंत मोजमाप, चित्र, सामानाचा हिशेब आणि कानस, होल्डर हातात दिवाळीनंतर, आणि मे महिन्यात, ज्याची तयारी असेल त्याने, गावातल्या फॅब्रिकेटरकडे मदतनीस म्हणून जायचं, स्क्रीन आणि हातमोजे शाळेने द्यायचे.