जुनी लष्करी वाहने : सुट्या भागांची ओळख व जीर्णोद्धार

सेवेतून निवृत्त झालेल्या जीप, मालट्रक, चिलखती गाड्या, रणगाडे इत्यादी वाहनांचे भाग तपासून त्यांचा निर्माता, काळ आणि गाडीतील मूळ जागा निश्चित करणे व त्या आधारे वाहन एखाद्या ठरावीक कालखंडातील रूपात परत आणणे, ही दोन परस्परांवर अवलंबून असलेली कामे आहेत. व्यवहारात ती बरीचशी बरोबरीने चालतात. परंतु ओळख आधी आणि दुरुस्ती नंतर हा क्रम मोडला, तर गंज व रंग काढण्यासाठी मारलेल्या वाळूच्या फवाऱ्याखाली गेलेला पुरावा पुन्हा हाती लागत नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातील चाकांच्या वाहनांचा, त्यातही जीपचा विचार केला आहे. तिच्यासंबंधीच्या भागसूच्या व दुरुस्तीपुस्तिका मोठ्या प्रमाणावर टिकून राहिल्या असून इतर वाहनांच्या बाबतीत वापरल्या जाणाऱ्या कसोट्याही पुष्कळशा जीपच्या अभ्यासातूनच पुढे आल्या आहेत.

क्रमांकपद्धती : एकाच भागावर किंवा त्याच्या वेष्टनावर अनेक क्रमांक असू शकतात आणि त्यांची गल्लत हे चुकीच्या ओळखीचे सर्वांत सामान्य कारण होय. ओतीव भागावर उठून दिसणारा क्रमांक हा बहुधा ओतकामाचा असतो. एकाच ओतकामावर वेगवेगळे यंत्रण करून भिन्न भाग तयार होत असल्याने त्यावरून तयार भागाचा क्रमांक थेट मिळत नाही. निर्मात्याचा भागक्रमांक, लष्कराचा आरेखन क्रमांक आणि भांडाराचा साठा क्रमांक हे आणखी तीन निराळे प्रकार आहेत. अमेरिकी लष्कराच्या ऑर्डनन्स (शस्त्रसाहित्य) विभागाने महायुद्धकाळात प्रत्येक वाहनाच्या भागसूचीला गटक्रमांक दिला होता. त्यानुसार जीप जी-५०३, पाऊण टनी डॉज जी-५०२ आणि अडीच टनी जीएमसी ट्रक जी-५०८ या क्रमांकांनी ओळखले जातात. फोर्डच्या पद्धतीत मधला मूळ क्रमांक भागाचा प्रकार सांगतो (उदा., ६०४९ म्हणजे सिलिंडर हेड, ९५१० म्हणजे कार्ब्युरेटर) आणि आधीची अक्षरे तो कोणत्या वाहनासाठी आहे ते दर्शवितात. ही पद्धत फोर्डच्या नागरी गाड्यांतही असल्याने वेष्टन हरवलेला भागदेखील बहुतेक वेळा जागेवर लावता येतो.

युद्धोत्तर काळातील अमेरिकी साठा क्रमांक अकरा अंकी होता. १९७४ मध्ये त्यात देशवाचक दोन अंकांची भर पडून तो तेरा अंकी झाला. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात : २५१० हा वर्ग केबिन, बॉडी व सांगाड्याचा, २५२० शक्तिप्रेषणाचा, २५३० ब्रेक, सुकाणू, आस व चाकांचा, तर २९२० इंजिनाच्या विद्युत् यंत्रणेचा आहे. त्यानंतरचे दोन अंक क्रमांक कोणत्या देशाने दिला ते सांगतात. ००ने जुने अमेरिकी क्रमांक ओळखता येतात, १२ने जर्मनी आणि ९९ने ब्रिटन. म्हणून जुन्या अकरा अंकी क्रमांकात वर्गानंतर ०० घातले की नवा क्रमांक तयार होतो. ही युक्ती साधी असली, तरी मध्यंतरी रद्द वा बदललेल्या क्रमांकांना ती लागू पडत नाही. ब्रिटिश भागांवर रुंद बाणाची खूण असते. कॅनडाच्या भागांवर तोच बाण इंग्रजी ‘सी’ या अक्षरात बसविलेला आढळतो. जर्मन भागांवर शस्त्र विभागाच्या तपासनिसांचे ठसे व सुमारे १९४०-४१ पासून निर्मात्यांची गुप्त अक्षरचिन्हे दिसतात.

जीपमधील निर्मात्याचा प्रश्न : बँटम कंपनीची पहिली नमुना गाडी सप्टेंबर १९४० मध्ये मेरीलँडमधील कँप होलाबर्ड येथे लष्कराच्या स्वाधीन झाली. पुढे प्रमाणित आराखडा विलीज या कंपनीचा ठरला आणि तोच फोर्डकडूनही बनवून घेण्यात आला. विलीजच्या एमबी प्रकाराच्या सुमारे ३ लाख ६० हजार, तर फोर्डच्या जीपीडब्ल्यू प्रकाराच्या सुमारे २ लाख ७७ हजार गाड्या तयार झाल्या. दोन्हींचे भाग परस्परांत बदलता यावेत हीच लष्कराची अट होती. त्यामुळे आज हाती येणारी जवळजवळ प्रत्येक जीप मिश्र असते आणि तिची मूळ निर्माती कंपनी ठरविण्यासाठी सांगाड्याकडेच वळावे लागते.

सांगाड्याच्या पुढच्या टोकाला, रेडिएटरच्या खाली, दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा दांडा विलीजमध्ये गोल नळीचा, तर फोर्डमध्ये उलट्या यू आकाराच्या पत्र्याचा असतो. ही सर्वांत भरवशाची खूण मानली जाते, कारण हा दांडा बदलण्याचे कारण क्वचितच उद्भवते. फोर्डचा सांगाडा क्रमांक सांगाड्याच्या डाव्या लांब तुळईच्या वरच्या पृष्ठावर, इंजिनाच्या आधाराजवळ, सरळ पोलादात ठोकलेला असतो. गंज व रंगाचे थर चढल्यावर तो नजरेला दिसत नाही. पृष्ठभाग हळुवार साफ करून तिरप्या प्रकाशात पाहिल्यास अंक उमटून येतात. विलीजचा क्रमांक मात्र डाव्या तुळईच्या आतल्या बाजूस, बंपरमागे, रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो. पट्टी काढून दुसरीवर बसविता येत असल्याने तिचे प्रमाणमूल्य कमी आहे आणि रिव्हेट मूळचे आहेत की नाहीत हे तपासणे आवश्यक ठरते. सामानकप्प्याच्या (ग्लव्ह बॉक्सच्या) झाकणावरील माहितीपट्टीवर गाडी लष्कराला सुपूर्द केल्याची तारीख असते, परंतु या पट्ट्यांच्या नकला सर्रास मिळतात.

इंजिन व सांगाडा यांचे क्रमांक जुळले पाहिजेत असा आग्रह पुष्कळदा धरला जातो. फोर्डने कारखान्यात दोहोंना एकच क्रमांक दिला होता, त्यामुळे तेथे या आग्रहाला अर्थ आहे. विलीजचे इंजिन क्रमांक व सांगाडा क्रमांक मुळातच वेगळे होते. तेथे जुळणारे क्रमांक आढळले, तर ते अस्सलपणाचे लक्षण न मानता उलट संशयाचे मानावे.

फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, वळणदार ‘एफ’ अक्षर उमटविले. दुसऱ्या कंपनीच्या भागातील दोषाची जबाबदारी आपल्यावर येऊ नये म्हणून ही खबरदारी घेतली गेली, असे सामान्यतः सांगितले जाते. स्वतःच्या मालावर खूण करण्याची फोर्डची जुनी रीतही याच्या मुळाशी असावी, असे दुसरे मत असून ते अधिक सयुक्तिक दिसते. कारण काहीही असो, ओळखीच्या दृष्टीने या खुणेच्या मर्यादा अधिक महत्त्वाच्या आहेत. बाहेरून घेतलेल्या भागांवर ती असतेच असे नाही आणि आज नव्याने घडविलेल्या बोल्टांवरही ती सहज मिळते. जुन्या बोल्टवरील अक्षराच्या कडा साच्याच्या झिजेमुळे किंचित बोथट असतात. अनेक नकली बोल्टांवर अक्षर अधिक धारदार व डोक्याच्या मधोमध नेमके बसलेले दिसते. एकट्या बोल्टवरून निर्णय देणे तरीही धोक्याचे होय. बॉडीच्या बाबतीत गुंतागुंत आणखी वाढते. विलीजसाठी बॉडी बनविणाऱ्या अमेरिकन सेंट्रल मॅन्युफॅक्चरिंग या कंपनीने १९४३ च्या अखेरीपासून वा १९४४ च्या प्रारंभापासून दोन्ही कंपन्यांना सामाईक बॉडी पुरविली. तिच्यात दोहोंच्या बांधणीचे विशेष एकत्र आल्याने ‘फोर्ड सांगाड्यावर विलीजसारखी बॉडी’ हे त्या काळातील गाडीत दोष ठरत नाही.

लष्करी कार्यशाळांनी युद्धकाळात व नंतर इंजिने, आस आणि बॉडी मुक्तपणे अदलाबदल केल्या. अशी मिश्र गाडी केवळ एकाच कंपनीच्या भागांनी ‘शुद्ध’ करणे म्हणजे तिचा खरा सेवाकाळ पुसून टाकणे होय; किमान तसे करण्यापूर्वी त्या मिश्रणाची तपशीलवार नोंद झाली पाहिजे.

आटे : आट्यांवरून देश व काळ यांचा अंदाज चटकन बांधता येतो. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंश, तर अमेरिकी आट्यांचा ६० अंश असतो. पाव इंची व्हिटवर्थ व पाव इंची अमेरिकी जाड आटा दोन्हींत इंचाला २० फेरे असल्याने एकाचा नट दुसऱ्यावर चढतो आणि चूक लक्षात येत नाही. अर्धा इंचात मात्र व्हिटवर्थला १२ व अमेरिकी आट्याला १३ फेरे असल्याने नट काही फेऱ्यांनंतर अडकतो. नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी एकत्रित आटा मान्य केल्यानंतर हा भेद हळूहळू मिटला. मॉरिस या ब्रिटिश कंपनीच्या कित्येक इंजिनांत मेट्रिक आट्यांच्या बोल्टला व्हिटवर्थ मापाची डोकी असतात, कारण त्या कारखान्याची यंत्रसामग्री मूळच्या फ्रेंच हॉचकिस कंपनीची होती. पाना बसला म्हणून आटा ओळखला असे तेथे समजू नये. युद्धकालीन जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात.

रंग : अमेरिकी ‘ऑलिव्ह ड्रॅब’ या मळकट हिरवट लष्करी रंगाची नेमकी छटा हा या क्षेत्रातील सर्वांत चिवट वाद आहे. अनेक जण ३४०८७ हा अमेरिकी संघीय रंगप्रमाणातील क्रमांक आधार मानतात. मात्र हे प्रमाण १९५६ मधील असून त्याच्या पुढील आवृत्त्यांत या क्रमांकाची छटाही बदलली. या पद्धतीत पहिला अंक चकाकी व दुसरा रंगकुल सांगतो. त्यामुळे ३४०८७ हा मंद हिरवा ठरतो, तर काही अभ्यासकांनी युद्धकालीन छटेच्या अधिक जवळचा म्हणून सुचविलेला ३३०७० हा पिवळ्या कुलात पडतो. मूळ रंग पिवळी माती व काळा यांच्या मिश्रणाचा होता हे ध्यानात घेता दुसऱ्या मताकडे झुकणे योग्य वाटते. तथापि निरनिराळ्या उत्पादकांच्या मालात फरक असेच आणि उन्हाने रंग फिका पडे. म्हणून क्रमांकावर विसंबण्याऐवजी ऊन न लागलेल्या जागेतील, उदा., पट्टीखालील वा सामानकप्प्याच्या मागील, मूळ थर पाहणे श्रेयस्कर. बॉनेटच्या बाजूला बारीक पॉलिश पेपर ओला करून एकेक थर उतरविला, तर पुष्कळदा जुना नोंदणी क्रमांक प्रकट होतो. जीपच्या बाबतीत तो २० ने सुरू होतो. वरचे आकडे पांढरे असले, तरी त्याखालचे सुरुवातीच्या काळातील आकडे निळसर असू शकतात. घाईत ते रंगाबरोबरच निघून जातात.

दुरुस्तीची तंत्रे : गंज काढण्यासाठी धुण्याच्या सोड्याच्या द्रावणातील विद्युत् अपघटन ओतीव व गुंतागुंतीच्या भागांना मानवते, कारण त्याने शाबूत धातू व ठसे टिकतात. ऋणाग्राला भाग जोडतात व धनाग्र म्हणून साधे लोखंड वापरतात. स्टेनलेस स्टील वापरल्यास विषारी क्रोमियम संयुगे तयार होतात, म्हणून ते टाळावे. उच्च बलाचे बोल्ट आम्लात बुडविल्यास त्यांत हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात. सुकाणू व ब्रेकच्या भागांसाठी आम्लाची ही पद्धत वापरू नये. बोल्टांना फॉस्फेटचा करडा थर देणे बहुतेक अमेरिकी वाहनांच्या मूळ रूपाशी जुळते. जुन्या ब्रेकच्या अस्तरात व क्लचमध्ये ॲसबेस्टॉस, तर काही मापकांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग असतो. त्यांना घासू वा उघडू नये. जीपच्या दोन अर्धुकांच्या चाकावर मधले पाच नट चाक काढण्याचे आणि बाहेरील आठ नट अर्धुके जोडणारे असतात. टायरमधील हवा पूर्ण सोडल्याखेरीज या आठांपैकी एकही नट सैल करू नये, कारण दाबाखालील अर्धुक उडून मृत्यू ओढवू शकतो.

परवान्याने बनलेली वाहने : फ्रान्समध्ये हॉचकिसने १९५० च्या दशकापासून १९६६ पर्यंत बनविलेल्या एम २०१ जीपचे भाग युद्धकालीन गाड्यांत मोठ्या प्रमाणावर मिसळले आहेत. त्यांतील बऱ्याच गाड्यांची २४ व्होल्ट यंत्रणा ही त्यांची ठळक खूण होय, कारण युद्धकालीन जीप ६ व्होल्टची होती. जपानमधील मित्सुबिशी जीप व निस्सानच्या आराखड्यावर जबलपूर येथे बनलेली जोंगा ही लष्करी गाडी यांच्या भागांची ओळख प्रामुख्याने प्रत्यक्ष मोजमापावर होते.

नीतितत्त्वे : ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ट्यूरिन येथे स्वीकारलेल्या सनदेत जीर्णोद्धारापेक्षा जतनाला प्राधान्य दिले आहे. ब्रिटनमधील बॉव्हिंग्टन येथील टँक म्युझियममधील ‘टायगर १३१’ या जर्मन रणगाड्याचे मूळ इंजिन प्रदर्शनासाठी छेद घेऊन कापलेले असल्याने तो चालता करताना दुसऱ्या प्रकारच्या टायगरचे इंजिन बसविण्यात आले. अशा बदलांबाबत सनदेची अपेक्षा आहे, की बदललेले भाग साध्या, कायमस्वरूपी आणि शक्यतो प्रमाणित पद्धतीने चिन्हांकित करावेत. नव्या बोल्टवर जुन्या कंपनीचे अक्षर उमटविण्याची प्रथा या अपेक्षेच्या थेट विरुद्ध जाते, तर दिसणार नाही अशा बाजूला बनविल्याचे वर्ष ठोकण्याची पद्धत तिच्याशी सुसंगत आहे.