दुकानदार शोधक : कोझी रहस्यकादंबरीतील एक परंपरा

कोझी रहस्यकादंबरीत खुनाचा छडा पोलीस किंवा पेशाने गुप्तहेर असलेला माणूस लावत नाही. वस्तीतलीच एखादी साधी व्यक्ती तो लावते. अशा हौशी शोधकांत सर्वांत रुळलेली व्यक्ती म्हणजे एखाद्या छोट्या दुकानाची मालकीण, क्वचित मालक. पुस्तके, चहा, बेकरीचा माल, लोकर, फुले, जुन्या वस्तू असे काहीही विकणारे दुकान चालते. कोझीची ही शाखा अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून फोफावली आणि आज या प्रकारातील अनेक दीर्घ मालिका दुकानाभोवतीच फिरतात.

‘कोझी’ म्हणजे ऊबदार, निवांत. चहाची किटली गरम राहावी म्हणून तिच्यावर जे आच्छादन घालतात त्यालाही इंग्रजीत हेच नाव आहे. ‘सौम्य रहस्यकथा’ हा मराठी पर्याय सुचतो, पण त्यात ऊब निसटते. म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे. या प्रकाराचे संकेत थोडे आणि पक्के आहेत. खून पडद्याआड होतो, जखमांचे वर्णन नसते, शृंगार सूचित केला जातो पण रंगवला जात नाही. वस्ती लहान असते, माणसे एकमेकांना ओळखतात, खुनी त्यांच्यातलाच एक निघतो आणि शेवटच्या पानापर्यंत कोडे पूर्ण सुटते. विष हे या कथांचे आवडते हत्यार आहे, कारण ते रक्त सांडत नाही आणि रोजच्या खाण्यापिण्यातून जाऊ शकते.

उगम

हौशी स्त्री-शोधकाची वाट ॲना कॅथरिन ग्रीन या अमेरिकन लेखिकेने पाडली. १८९७ सालच्या ‘दॅट अफेअर नेक्स्ट डोअर’ या कादंबरीत अमेलिया बटरवर्थ ही चौकस अविवाहित बाई शेजारच्या घरातील मृत्यूचा माग काढते. ॲगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल १९२७ मध्ये लघुकथेतून आणि १९३० मध्ये ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ या कादंबरीतून वाचकांसमोर आली. मिस मार्पलचे दुकान नाही, तरी पुढच्या सर्व दुकानदार शोधकांची ती पूर्वज आहे. तिची पद्धत अशी, की कोणाही संशयिताकडे पाहिले की तिला सेंट मेरी मीड या आपल्या खेड्यातले कोणीतरी आठवते. माणसांच्या स्वभावाचे नमुने मोजकेच असतात आणि एक खेडे नीट पाहिले तर ते सारे तिथे सापडतात, असा तिचा विश्वास आहे. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती यांनी रुग्णालयाच्या औषध विभागात काम केले होते. विषांची त्यांची अचूक जाण तिथली.

वाचकाशी प्रामाणिक राहण्याचा करारही याच काळातला. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. शोधकाला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दिसला पाहिजे आणि योगायोगाने कोडे सुटता कामा नये, हे त्यातले दोन नियम कोझी लेखक आजही पाळतात.

कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ मध्ये ‘द गिल्टी व्हिकरेज’ या निबंधात या कथांच्या स्थळाविषयी जे म्हटले ते दुकानालाही तंतोतंत लागू पडते. त्यांच्या मते, रहस्यकथेतली जागा जितकी निर्मळ आणि सुखी, तितका तिथला खून अधिक विसंगत वाटतो आणि त्या जागेची घडी परत बसण्याची ओढ तितकीच वाढते.

अँजेला लॅन्सबरी यांची भूमिका असलेली ‘मर्डर, शी रोट’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९८४ ते १९९६ या काळात चालली. १२ हंगाम आणि २६४ भागांच्या या मालिकेने कोझीला घराघरांत नेले. ‘मॅलिस डोमेस्टिक’ हे कोझी वाचक-लेखकांचे वार्षिक संमेलन अमेरिकेत १९८९ मध्ये सुरू झाले. तिथे दिल्या जाणाऱ्या ॲगाथा पुरस्काराचे मानचिन्ह चहाची किटली आहे, आणि याहून समर्पक चिन्ह सुचणे कठीण. १९९४ मध्ये बर्कली प्रकाशनाने रहस्यकथांसाठी ‘प्राइम क्राइम’ हे स्वतंत्र अंग काढले. दुकानांच्या अनेक मालिका तिथून आल्या.

गल्ल्यामागची जागा

हौशी शोधकाच्या गोष्टीत लेखकापुढे एक अडचण पहिल्या पानापासून उभी असते : या माणसाला प्रश्न विचारायचा अधिकार काय? पोलीस दार ठोठावू शकतो, जबाब घेऊ शकतो. शेजारीण तसे करू लागली तर लोक तिच्या तोंडावर दार लावतील. दुकान ही अडचण मुळातूनच काढून टाकते. दुकानदाराला कोणाच्या दारी जावे लागत नाही. सारी वस्ती आपल्या पायांनी तिच्याकडे येते. गल्ल्यामागून विचारलेला ‘काय, बरेच दिवसांनी?’ हा प्रश्न कोणाला चौकशी वाटत नाही. पुडके बांधून सुटे पैसे हातावर ठेवीपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यात माणूस पोलिसांसमोर जे बोलणार नाही ते बोलून मोकळा होतो. रांगेत मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइके आपसांत बोलतात तेही तिच्या कानांवर पडतेच. शिळोप्याच्या गप्पांना पुराव्याचे मोल आणणारी ही युक्ती आहे, आणि माझ्या मते दुकानदार शोधक इतका टिकला तो मुख्यतः याच कारणाने. बेकरीचा सुगंध किंवा दारावरची किणकिणती घंटा ही नंतरची सजावट.

दुसरी गोष्ट स्मरणाची. चांगल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाची सवय पाठ असते. कोण कोणत्या वारी येते, काय नेते, रोख देते की खात्यावर मांडायला सांगते. म्हणूनच या कादंबऱ्यांतला खरा सुगावा बहुधा सवय मोडण्याचा असतो. एकट्या राहणाऱ्या माणसाने दोघांपुरता माल नेला, तर घरी कोण आले आहे? वर्षानुवर्षे उधारीवर नेणाऱ्याने अचानक जुने खाते चुकते केले, तर पैसा आला कुठून? बोटांच्या ठशांना आणि प्रयोगशाळेला इथे फारसे स्थान नाही. वही, पावती, फडताळावरची रिकामी जागा एवढ्यावर तर्क उभा राहतो, आणि तो वाचकालाही करता येतो, कारण दुकानात जाणे हा प्रत्येकाचा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट पोटापाण्याची. हौशी माणूस खुनाच्या भानगडीत पडतो तरी का? निव्वळ कुतूहल हे कारण तीनशे पाने पुरत नाही. म्हणून प्रेत दुकानात किंवा दुकानाच्या मागच्या दाराशी सापडते, किंवा मृताने घेतलेला शेवटचा घोट त्याच दुकानातला निघतो. कॅरोलिन हार्ट यांच्या ‘डेथ ऑन डिमांड’ (१९८७) या कादंबरीत ॲनी लॉरन्स ही दक्षिण कॅरोलायनाजवळच्या एका बेटावर रहस्यकथांचेच दुकान चालवते. तिथे जमलेल्या लेखकांपैकी एकाचा खून होतो आणि संशयाची सुई मालकिणीकडे वळते. लॉरा चाइल्ड्स यांच्या ‘डेथ बाय दार्जिलिंग’मध्ये (२००१) चार्ल्सटन शहरातल्या थिओडोशिया ब्राउनिंगच्या चहाचा पेला हाती असतानाच एक पाहुणा मरून पडतो. चहाच्या व्यापाऱ्याचे याहून मोठे नुकसान कोणते? विषाचा नुसता संशयही गिऱ्हाईक तोडायला पुरेसा असतो. शोध घेणे हा मग छंद उरत नाही, दुकान वाचवण्याचा तोच एक मार्ग राहतो.

या सगळ्याची एक किंमत असते, आणि उत्तम कोझी तिथेच ओळखू येते. वाचकाशी प्रामाणिक राहण्याच्या करारानुसार खुनी त्याला आधी भेटलेला हवा. दुकानाच्या कथेत याचा अर्थ तो बहुतेकदा नेहमीचे गिऱ्हाईक असतो. जिने त्याला रोज हसून माल दिला, त्याच्या आजारपणात विचारपूस केली, तीच आता त्याच्या प्रत्येक वाक्याचे वजन करते. दुकान विश्वासावर चालते आणि शोध संशयावर. दोन्ही एकाच गल्ल्यावरून चालवताना तिच्या मनाची जी ओढाताण होते ती लेखकाने दाखवली, तर हलक्याफुलक्या वाटणाऱ्या या प्रकारालाही खोली येते. दुकान बंद करण्याच्या वेळी खुनी आत येतो आणि दाराला आतून कडी लागते, हा या मालिकांतला ठरलेला अखेरचा प्रसंग. तो कितीही वेळा वाचला तरी परिणाम करतो, कारण जे दार सर्वांसाठी उघडे असायचे तेच बंद झालेले असते.

दुकानागणिक बदलणारे धागे

दुकान कशाचे आहे यावर सुगाव्याची जात ठरते. बेकरीवाली उजाडण्यापूर्वी उठते, म्हणून रिकाम्या रस्त्यावर कोण दिसले हे तिलाच ठाऊक असते. जोॲन फ्लूक यांच्या ‘चॉकलेट चिप कुकी मर्डर’मध्ये (२०००) मिनेसोटातल्या लेक ईडन या काल्पनिक गावी हॅना स्वेन्सनला आपल्या बेकरीमागे दूध पोचवणाऱ्या माणसाचे प्रेत त्याच्याच गाडीत सापडते, तपास करणारा पोलीस तिच्या बहिणीचा नवरा आहे. ही मालिका वीसहून अधिक पुस्तकांपर्यंत गेली. पुस्तकात पाककृती देण्याची आता सार्वत्रिक झालेली रीतही तिच्यात आहे. ती डायान मॉट डेव्हिडसन यांच्या ‘केटरिंग टू नोबडी’पासून (१९९०) सुरू झालेल्या मालिकेने आधीच लोकप्रिय केली होती.

विणकाम-भरतकामाच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन बसते. हात गुंतलेले असले की जिभा सैल सुटतात, आणि ठरावीक वारी भरणारे विणकाम मंडळ म्हणजे तर आयती चर्चासभाच. मोनिका फेरिस यांच्या ‘क्रूएल वर्ल्ड’मध्ये (१९९९) बेट्सी डेव्हनशायरच्या बहिणीचा तिच्या स्वतःच्या दुकानात खून होतो आणि शोकात असलेली बेट्सी ते दुकान हाती घेते. धंदा शिकणे आणि खुनी शोधणे या दोन्ही गोष्टी ती एकाच वेळी, चुकत-माकत करते. दुःखाला इतकी जागा देणाऱ्या कोझी थोड्या आहेत. जुन्या वस्तूंच्या दुकानात खरे-खोटे, वारसा आणि जुनी वैरे हाताशी असतात. फुलवाल्याला कोणी कोणाला गुपचूप फुले धाडली हे कळते. जुन्या पुस्तकांच्या दुकानाला दोन्ही बाजू लाभतात : दुर्मीळ प्रतीपायी खून करण्याइतका लोभ, आणि पानांत विसरलेल्या चिठ्ठ्या, सह्या, नोंदी.

उणिवा

छोट्या गावात वर्षानुवर्षे खून होत राहणे ही या प्रकारातली उघड विसंगती आहे. ‘मर्डर, शी रोट’मधल्या गावावरून तिला ‘कॅबट कोव्ह सिंड्रोम’ असे नावच पडले. वाचक ती संकेत म्हणून स्वीकारतात, आणि ते योग्यच आहे. त्याहून गंभीर दोष मला वेगळे वाटतात. पहिला म्हणजे मृताला जाणूनबुजून सर्वांचा नावडता करणे. संशयित वाढतात हे खरे, पण कोणाच्याच डोळ्यांत पाणी येत नाही आणि माणूस मेला याचेच भान हरपते. दुसरा, दुकान कोण सांभाळते याचा विसर. मालकीण दिवसभर धागेदोरे शोधत फिरते आणि गल्ला एका निष्ठावान मदतनिसावर सोपवलेला असतो, ज्याच्या पगाराचा उल्लेखही येत नाही. तिसरा पुराव्याचा. अधिकार नसलेल्या माणसाने उचललेली वस्तू न्यायालयात टिकेलच असे नाही. म्हणून बहुतेक लेखक शेवटी खुन्याकडून कबुली वदवून घेतात. पोलिसांना मूर्ख ठरवून शोधक मोठी करण्याचा मोह ज्यांनी टाळला, त्यांच्या मालिका अधिक वाचनीय झाल्या आहेत.

गोऱ्या, सुखवस्तू गावांपुरती राहिलेली ही वस्ती अलीकडे बरीच मोठी झाली. ओविडिया यू यांच्या ‘आंटी लीज डिलाइट्स’ (२०१३) या कादंबरीतली विधवा खानावळ-मालकीण सिंगापूरची आहे. मिया मानान्साला यांच्या ‘आर्सेनिक अँड अडोबो’मध्ये (२०२१) अमेरिकेतल्या एका फिलिपिनो कुटुंबाचे उपाहारगृह संशयाच्या भोवऱ्यात सापडते. या कुटुंबांत दुकान एकट्या मालकिणीचे नसते. मावश्या, आज्या, भावंडे सगळी त्यात राबतात, त्यामुळे बातमी आणायला माणसे अधिक आणि गुपित राखायला जागा कमी.

जपानमध्ये याच कल्पनेने खून बाजूला ठेवला. तिथे ‘रोजच्या आयुष्यातील कोडी’ असा रहस्यकथेचा स्वतंत्र प्रवाह आहे. त्यातली एन मिकामी यांची ‘बिब्लिया’ या जुन्या पुस्तकांच्या दुकानाची मालिका २०११ मध्ये कामाकुराच्या पार्श्वभूमीवर सुरू झाली. मालकीण शिओरिको शिनोकावा लाजरी आहे; अनोळखी माणसाशी तिला धड बोलता येत नाही, पण पुस्तकाचा विषय निघाला की ती थांबत नाही. पहिल्या खंडात ती पाय दुखावल्याने रुग्णालयात आहे. एक तरुण आपल्या आजीचा नात्सुमे सोसेकी यांच्या समग्र साहित्याचा संच घेऊन तिच्याकडे येतो. त्यातल्या एका खंडावर लेखकाची सही आहे आणि ती खरी की खोटी एवढेच त्याला विचारायचे असते. खाटेवर बसल्या बसल्या ती पाने उलटते, सही पाहते, आणि त्या आजीने आयुष्यभर कोणाला सांगितले नव्हते ते तिला उमगते.