पदावरचा उमेदवार आणि टीव्हीवरची वादफेरी

अमेरिकेतील राष्ट्राध्यक्षपदाच्या वादफेऱ्यांचा इतिहास १९६० च्या केनेडी-निक्सन लढतीपासून सांगितला जातो. पण त्या वर्षी पदावर असलेले आयझेनहॉवर निवडणुकीत उभेच नव्हते. खुर्चीवरच्या माणसाने कॅमेऱ्यासमोर प्रतिस्पर्ध्याच्या बरोबरीने उभे राहावे का, आणि राहायचे तर कसे, हा प्रश्न पुढे तीन निवडणुका टाळला गेला. १९६४ मध्ये लिंडन जॉन्सन भरघोस आघाडीवर होते; प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांना शेजारी उभे करून मोठे कशाला करायचे, हा त्यांचा हिशेब होता. १९६० मध्ये हात पोळलेल्या निक्सन यांनी १९६८ मध्ये वादफेरीला नकार दिला आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून १९७२ मध्येही तेच केले. कायदाही सोयीचा होता. एका उमेदवाराला वाहिनीने वेळ दिला, तर त्या पदासाठी उभ्या असलेल्या सगळ्यांना तेवढाच वेळ देणे भाग होते. १९६० पुरता हा नियम संसदेने बाजूला ठेवला होता, पण पुन्हा तसे होऊ दिले गेले नाही. आपल्याकडे २००९ मध्ये लालकृष्ण अडवाणी यांनी मनमोहन सिंग यांना असेच आव्हान दिले आणि तेही नाकारले गेले. आघाडीवर असलेला सत्ताधारी वादफेरी टाळतो तो या हिशेबाने. मतदाराचा मात्र त्यात तोटाच होतो.

१९७५ मध्ये वाहिन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी दळणवळण आयोगाने कायद्याचा अर्थ सैल केला. बाहेरच्या संस्थेने वादफेरी भरवली आणि वाहिन्यांनी ती बातमी म्हणून दाखवली, तर समान वेळेचे बंधन लागू होणार नाही, असे ठरले. मग लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था पुढे आली. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड जनमत चाचण्यांत प्रतिस्पर्धी जिमी कार्टर यांच्या खूप मागे होते, म्हणून पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी स्वतःच वादफेरीचे आव्हान दिले. पदावर असताना वादफेरीला उभे राहिलेले ते पहिले राष्ट्राध्यक्ष.

२३ सप्टेंबर १९७६ रोजी फिलाडेल्फियात पहिली फेरी संपत आली असताना ध्वनियंत्रणा बंद पडली. तब्बल २७ मिनिटे दोघे आपापल्या जागी उभे होते, एकमेकांशी फारसे न बोलता. आधी कोण बसतो, हे सारा देश पाहतो आहे याची दोघांनाही जाणीव असावी.

खरा पाय घसरला तो ६ ऑक्टोबरला, सॅन फ्रान्सिस्कोत. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे मॅक्स फ्रँकेल यांनी सोव्हिएत संघाबद्दल विचारले. फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, आणि फोर्ड सरकार असेपर्यंत ते कधी असणारही नाही. पोलंडमध्ये तेव्हा सोव्हिएत फौजा होत्या. फ्रँकेल यांनी चकित होऊन पुन्हा विचारले. शब्द सावरून घ्यायची ही आयती संधी होती. फोर्ड यांनी युगोस्लाव्ह, रुमानियन आणि पोलिश लोक स्वतःला वर्चस्वाखाली मानत नाहीत, असे सांगून विधान आणखी घट्ट केले. ते अडाणी नव्हते. युरोपच्या तेव्हाच्या सीमा मान्य करणाऱ्या हेलसिंकी करारात पूर्व युरोप रशियाला बहाल केला, ही त्यांच्यावरची टीका होती आणि तिला द्यायचे उत्तर तोंडातून भलत्याच रूपात बाहेर पडले. त्या रात्री घेतलेल्या चाचण्यांत फोर्ड फारसे मागे नव्हते. दुसऱ्या दिवशी दिवसभर तेच वाक्य ऐकल्यावर लोकांचे मत उलटले. तरीही चूक सरळ कबूल करायला त्यांनी जवळजवळ आठवडा घेतला, आणि माझ्या मते वाक्यापेक्षा हा आठवडाच त्यांना महागात पडला.

पदावरच्या माणसाची अडचण इथे दिसते. त्याला माहिती कमी नसते. चार वर्षे त्याच्या खोलीत तोंडावर 'तुम्ही चुकता आहात' म्हणणारे फार थोडे असतात. पत्रकार परिषद त्याच्या अटींवर चालते, बैठक त्याच्या खुणेवर संपते. मग एका संध्याकाळी समोरचा माणूस नव्वद मिनिटे त्याला खोडून काढतो आणि त्याचा त्रास चेहऱ्यावर दिसतो. २००४ मध्ये कोरल गेबल्सला प्रतिस्पर्धी केरी बोलत असताना धाकट्या बुश यांच्या कपाळावरच्या आठ्या पडद्यावर दिसल्या. २०१२ मध्ये डेन्व्हरला ओबामा मान खाली घालून टिपणे काढत राहिले. गॅलपच्या चाचणीत ७२ टक्के प्रेक्षकांनी प्रतिस्पर्धी रॉमनी यांना सरस ठरवले.

फोर्ड यांना हरवून राष्ट्राध्यक्ष झालेल्या कार्टर यांचे दुखणे वेगळे होते. १९८० मध्ये बाल्टिमोरच्या फेरीत अपक्ष अँडरसन असणार म्हणून ते गेलेच नाहीत. प्रतिस्पर्धी रेगन यांच्यासमोर ते उभे राहिले ते थेट २८ ऑक्टोबरला, मतदानाच्या आठवडाभर आधी. आकडे आणि धोरणे त्यांना तोंडपाठ होती. शेवटी रेगन यांनी मतदारांना एवढेच विचारले: चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचे बरे चालले आहे का? महागाईने पिचलेल्या घरांत याचे उत्तर तयार होते, आणि चूक झालीच तर सावरायला दुसरी फेरी उरली नव्हती. कार्टर ४४ राज्ये हरले.

चार वर्षांनी तेच रेगन पदावर होते. ७ ऑक्टोबर १९८४ रोजी लुइव्हिलला ते अडखळले, समारोपात भरकटले, आणि ७३ वर्षांच्या राष्ट्राध्यक्षाला हे झेपेल का, अशी चर्चा उघड सुरू झाली. तयारीच्या नावाखाली त्यांच्या डोक्यात आकडे कोंबले गेले होते. सिनेटर पॉल लॅक्सॉल्ट यांनी सल्लागारांना जाहीर बोल लावले. मग माध्यम सल्लागार रॉजर एल्स यांना बोलावण्यात आले. जाडजूड फायली बाजूला पडल्या आणि रेगन यांना आपल्या पद्धतीने बोलू देण्यात आले. २१ ऑक्टोबरला कॅन्सस सिटीत वयाचा प्रश्न आला, तेव्हा प्रतिस्पर्ध्याचे तारुण्य आणि अननुभव मी राजकीय फायद्यासाठी वापरणार नाही, असे ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले. ५६ वर्षांचे प्रतिस्पर्धी मॉन्डेलही हसले. त्या रात्रीचा समारोपही इतका लांबला की सूत्रसंचालकाने तो मध्येच थांबवला, पण तोवर लोकांच्या मनातली शंका मिटली होती.

ओबामांनीही दुसऱ्या फेरीत डाव सावरला. डेन्व्हरनंतर १३ दिवसांनी, हेम्पस्टेडला, ते समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलले. बोचरे प्रश्न विचारणाऱ्या खमक्या माणसासमोर मनापासून तालीम करणे, सरकारच्या कामगिरीची जंत्री वाचण्याऐवजी पुढच्या चार वर्षांवर बोलणे, चुकलेला शब्द त्याच रात्री मागे घेणे आणि सावरायला दुसरी फेरी लवकर ठेवणे, एवढे पदावरच्या उमेदवाराच्या हातात असते.

२०२४ मध्ये बायडन यांच्या गोटाने प्रेक्षक नकोत, ज्याची पाळी नाही त्याचा माइक बंद हवा, अशा अटी घातल्या आणि फेरीही लवकर मागितली. २७ जूनला अटलांटात त्यांचा आवाज बसलेला होता, वाक्ये अर्धवट सुटत होती. रेगन यांना लुइव्हिलनंतर दोनच आठवड्यांत पुन्हा मंच मिळाला होता. बायडन यांची पुढची फेरी १० सप्टेंबरला ठरली होती. २१ जुलैला त्यांनी उमेदवारी मागे घेतली.