जठर छातीत सरकले म्हणजे लगेच शस्त्रक्रिया?

जठराचा भाग अन्ननलिकेच्या शेजारून छातीत चढणे, हा हायटस हर्नियाचा, म्हणजे छाती व पोट यांमधल्या पडद्यातील (श्वासपटलातील) छिद्रातून जठर वर सरकण्याचा, विरळा प्रकार. त्याचे निदान झाले की त्रास नसला तरी शस्त्रक्रिया करावीच, ही समजूत मुख्यतः १९६७ सालच्या स्किनर व बेल्सी या शल्यचिकित्सकांच्या अहवालातून रुजली, कारण त्यात शस्त्रक्रिया न केलेल्या २१ रुग्णांपैकी ६ दगावले होते. एवढ्याशा गटावर केवढा निष्कर्ष उभा राहिला! २००२ साली स्टायलोपोलस, गॅझेल व रॅटनर यांच्या विश्लेषणात, लक्षणे नसलेल्या वा सौम्य असलेल्या रुग्णाला तातडीची शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता वर्षाला सुमारे १.१ टक्केच निघाली. अशा बहुतेकांसाठी देखरेख पुरेशी ठरते. मात्र जेवताच छाती भरून येणे, धाप लागणे किंवा कारण न सापडणारा रक्तक्षय असेल, तर बेरियम तपासणी (बेरियमचे द्रावण पाजून काढलेला एक्स-रे), एंडोस्कोपी आणि गरजेनुसार सीटी स्कॅन करून नियोजित शस्त्रक्रियेचा विचार करावा. तीत दुर्बिणीच्या साहाय्याने जठर पोटात आणून, हर्नियाची पिशवी काढून, श्वासपटलातील रुंदावलेले छिद्र टाके घालून आवळतात आणि बहुधा जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. पोटाच्या वरच्या भागात तीव्र वेदना आणि नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या येत असतील, तर जठराला पीळ पडल्याची शंका घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.