झेनमध्ये कुठलं इंजिन? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

अक्कलकोट रोडच्या एखाद्या गॅरेजात जुनी मारुती झेन बॉनेट उघडून उभी असली, की भोवती जमलेल्या पोरांत एक वाद निघतोच: हिच्यात मारुतीच्याच एस्टीमचं इंजिन टाकायचं की जुन्या बलेनोचं? आज हा वाद पिकअपसाठी, म्हणजे गाडीने झटकन वेग घ्यावा म्हणून होतो. सोलापुरात इंजिन बदलायची विद्या आली ती मात्र डिझेलच्या भावामुळे.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत पेट्रोलपेक्षा डिझेल बरंच स्वस्त होतं. पेट्रोलची जीप किंवा अ‍ॅम्बेसेडर घेऊन तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरच्या भाड्याला लावली तर मालकाच्या हाती फार काही उरत नसे. मग पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि मॅटॅडोर व्हॅनचं किंवा मिळेल ते डिझेल इंजिन चढवायचं. सांगायला एका ओळीचं काम, पण इंजिन ज्यावर बसतं ती फाउंडेशनं कापून नव्याने वेल्ड करायची, जुना गिअरबॉक्स ठेवायचा तर मधली प्लेट लेथवर काढायची, रेडिएटर मोठा करायचा. गिरण्या आणि यंत्रमागांच्या या गावात लेथवर हात बसलेल्या माणसांची वानवा नव्हती. गाडी पुढून जड व्हायची, स्टिअरिंग ओढायला दंड लागायचे, डॅशबोर्ड थडथडायचा. पण अ‍ॅव्हरेज मिळायचं, आणि भाडं मारणाऱ्याला तेवढंच हवं होतं.

हा खेळ फक्त गॅरेजवाल्यांनी केला असं समजू नका. सरकारी परवान्यांच्या काळात आपल्या कंपन्यांनीही जुनी बॉडी एकीकडून आणि इंजिन दुसरीकडून आणून गाड्या जुळवल्या. 1984 मध्ये हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा आली तेव्हा त्या लांबरुंद बॉडीत अ‍ॅम्बेसेडरचंच 1,489 सीसीचं इंजिन होतं. गाडी दिसायची रुबाबदार, उचलायची मात्र बैलगाडीसारखी. पुढे तिच्यात इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे ती नावाला जागली. प्रीमियरने 1985 मध्ये फियाट 124 च्या बॉडीत निस्सानचं 1,171 सीसीचं इंजिन बसवून 118 एनई काढली. ही जोडी चांगली जमली. स्टँडर्ड 2000 चं उलट झालं. रोव्हरची देखणी बॉडी, जिच्यात इंग्लंडमध्ये साडेतीन लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन मिळायचं, तिला इथे कंपनीच्याच जुन्या व्हॅनगार्ड गाडीच्या जमान्यातलं दोन लिटरचं इंजिन दिलं आणि गाडी काही वर्षांतच बंद पडली. पुढे गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही छोटी दोन दारांची स्पोर्टी गाडी तर फायबरच्या बॉडीत रेनॉचं 1,149 सीसीचं इंजिन घालूनच जन्मली.

परदेशात मात्र वेगळंच वेड होतं. 1962 मध्ये कॅरोल शेल्बीने एसी या ब्रिटिश कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-8 बसवलं आणि कोब्रा घडली. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे, कारण तिचं मूळ 1,798 सीसीचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजमधलं, म्हणजे अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनाचा थोरला भाऊ. केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने तिच्यात रोव्हरचं व्ही-8 घातलं. मूळ इंजिन ओतीव लोखंडाचं आणि हे अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे क्षमता जवळजवळ दुप्पट होऊनही वजन वाढलं नाही. 1973 मध्ये कंपनीनेच तशी गाडी बाजारात आणली. 1989 च्या माझ्दा मियाटा या छोट्या स्पोर्ट्स गाडीमध्ये आधी फोर्डची आणि पुढे शेव्हरोलेची व्ही-8, मग होंडाची के-सिरीज इंजिनं बसवली गेली, तेव्हाही वाद याच मुद्द्यावर होता: ताकद किती वाढते, आणि त्यापायी नाकावर किती किलो चढतात?

आता झेन. 1993 ला आली तेव्हा वजन सव्वासातशे-साडेसातशे किलो आणि इंजिन सुझुकीच्या जी-सिरीजमधलं 993 सीसीचं, अ‍ॅल्युमिनियमचं. एस्टीमचं 1,298 सीसी आणि जुन्या बलेनोचं 1,590 सीसी ही याच घराण्यातली. म्हणूनच पोरांच्या तोंडी ही दोनच नावं येतात. पण सख्खी भावंडंसुद्धा एका मापाची नसतात. झेनचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, 61 मिलिमीटर, एस्टीमचा 75.5, बलेनोचा थेट 90. स्ट्रोक वाढला की ब्लॉकची उंची वाढते, मग बॉनेटखालची जागा, फाउंडेशनं, एक्झॉस्ट, सगळ्याची मापं पुन्हा घ्यावी लागतात. जिप्सीचं 1.3 स्वस्तात मिळतंय म्हणून उचलणाऱ्यांनी तर आधी बॉनेट उघडून बघावं. घराणं तेच, पण जिप्सीत इंजिन उभं बसतं आणि झेनमध्ये आडवं.

माझं मत विचाराल तर झेनला 1.3 पुष्कळ झालं. बलेनोचं इंजिन घालून ब्रेक मात्र 993 सीसीच्या हिशेबाचे ठेवलेली गाडी विजापूर रोडवर माझ्या मागे नको. शिवाय सोलापूरचा मे महिना. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत सात रस्त्याच्या सिग्नलला मूळ रेडिएटर दमतो, मग मोठ्या इंजिनाखाली त्याचं काय होणार?

आणि मग आरसी बुक. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार पूर्वी आरटीओची मंजुरी घेऊन फेरबदल करता येत. 2000 च्या दुरुस्तीने नियम आवळला: कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी आरसी बुकातली नोंद विसंगत होईल असा बदल चालणार नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. त्याच प्रकारचं दुसरं इंजिन घातलं तर नवा नंबर चढवून घेता येतो. 993 च्या जागी 1,590 ही मात्र वेगळी गोष्ट झाली. शेवटची झेन 2006 ची धरली तरी तिची पंधरा वर्षं कधीच उलटली, म्हणजे री-पासिंग, आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण, आलंच. तिथे इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही पाहिले जातात.

कायद्याने एक दार उघडं ठेवलंय. मंजूर कन्व्हर्जन किट लावून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेता येते. गंमत म्हणजे त्या दाराशीही सोलापूर उभं आहे. 1992 पासून इथे जगभरच्या मोटारींच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनातल्या झडपा उघडणारे दांडे, घडवणाऱ्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सने 2018 मध्ये नेदरलँड्सच्या इमॉस या कंपनीमध्ये मोठा हिस्सा घेतला. इमॉसचं काम होतं ट्रकमधलं डिझेल इंजिन काढून विजेची मोटर बसवण्याचं. त्या मोटरला कॅमशाफ्ट लागत नाही.