फ्रेडीचा सर्वांत थोर टिपेचा स्वर कोणता? वादाची पार्श्वभूमी

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने लावलेला सर्वांत थोर टिपेचा स्वर कोणता, यावर बँडचे चाहते कित्येक वर्षं भांडत आलेत. पाचगणीच्या शाळेतल्या ‘हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो पियानोवर असे, मुख्य गायक दुसराच होता. त्यामुळे ते दिवस या वादात फारसे येत नाहीत. वादाचं खरं मूळ १९७०च्या दशकातल्या स्टुडिओत आहे.

१९७५ साली ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ या क्वीनच्या गाण्याचा ऑपेरासारखा भाग तिघांचे आवाज थरावर थर चढवून तयार झाला. त्या भागाच्या शेवटी जो स्वर आभाळाला भिडतो, तो बँडच्या ड्रमरचा आहे. नवा चाहता तोच स्वर फ्रेडीच्या नावावर लिहितो, जुना चाहता चूक दाखवतो, आणि बहुतेक वेळा भांडण इथूनच पेटतं.

सगळ्यात मोठा गुंता मात्र ‘फॉल्सेटो’ या शब्दाचा. फॉल्सेटोमध्ये स्वरतंतूंच्या फक्त कडा कंप पावतात आणि ते पूर्ण मिटत नाहीत. म्हणून आवाज पातळ, थोडा वारा मिसळलेला येतो आणि सहज वर जातो. भरीव आवाजात तंतू घट्ट मिटतात, खालून हवेचा दाब लागतो आणि प्रत्येक अर्धस्वर (सप्तकाच्या बारा पायऱ्यांपैकी एक) कष्टाने मिळवावा लागतो. आपल्याकडे जुने जाणते ‘आवाज चोरला’ म्हणत त्याचा रोख बराचसा याच फरकावर असे. पण फ्रेडी या दोन आवाजांमधली शिवण दिसूच देत नाही. एकाच ओळीत तो भरीव आवाजातून फॉल्सेटोत जातो आणि परत येतो. मग तो स्वर कुठल्या यादीत टाकायचा? फॉल्सेटो मोजला तर एक विजेता ठरतो, वगळला तर दुसराच. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही मोजा, पण एका यादीत नको.

मराठीत या वादाला आणखी एक गाठ बसते. तार सप्तक म्हणजे गायकाने ज्या पट्टीत सा लावला त्याच्या वरचं सप्तक. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा तार सा आणि पांढरी पाचमध्ये गाणाऱ्याचा तार सा एकच नव्हेत. क्वीनच्या चाहत्यांची मोजणी पियानोच्या ठरलेल्या पट्ट्यांवर चालते. त्यामुळे ‘तो तार सप्तकात गेला’ हे वाक्य इथे काहीच सिद्ध करत नाही.

‘चार सप्तकांचा आवाज’ हे फ्रेडीचं बिरुद तर वर्षानुवर्षं तपासल्याशिवाय फिरत राहिलं. २०१६ मध्ये युरोपातल्या काही स्वरसंशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचं मोजमाप प्रसिद्ध केलं. त्यांना ३७ अर्धस्वरांचा पल्ला मिळाला, म्हणजे तीन सप्तकं आणि वर एक अर्धस्वर. चार सप्तकांना पुष्टी मिळाली नाही. मुलाखतींमधला त्याचा बोलण्याचा आवाज साधारण ११७ हर्ट्झचा (सेकंदाला ११७ कंपनं) निघाला, बॅरिटोनला, म्हणजे मधल्या पट्टीच्या पुरुषी आवाजाला शोभेल असा. म्हणजे मुळात खालच्या आवाजाचा हा माणूस आयुष्यभर टेनरच्या, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या मुलखात गायला. ज्या स्पॅनिश सोप्रानोबरोबर (उंच आवाजाच्या ऑपेरा गायिकेबरोबर) त्याने १९८७ साली ‘बार्सेलोना’ गायलं, तिने त्याला बॅरिटोनमध्ये गाण्याचं सुचवलं होतं. चाहते आवाज ओळखणार नाहीत म्हणून त्याने नकार दिला, असं ती सांगत असे. माझ्या मते स्वर किती हर्ट्झचा यापेक्षा ही गोष्ट वादात आधी यायला हवी.

दुसरा तंटा रंगमंचाचा. १९७५च्या अमेरिका दौऱ्यात घशाच्या त्रासामुळे कार्यक्रम रद्द करावे लागले. पुढेही स्वरतंतूंवरच्या गाठींनी त्याचा पिच्छा सोडला नाही, आणि शस्त्रक्रिया त्याने टाळली. मैफलीत तो वरच्या जागा अनेकदा खाली वळवून घेई. काही चाहते याला उणीव समजतात. रात्रीमागून रात्री गायचं असलेल्या गायकाचा मला तो शहाणपणा वाटतो. १९८५ साली लंडनच्या वेम्बली मैदानात सुमारे बहात्तर हजारांच्या गर्दीशी सवाल-जवाब करताना त्याने जो लांब स्वर धरला, तो उंचीत फार मोठा नाही. तरी जवळजवळ प्रत्येक यादीत असतो.

अलीकडे वाद्यं बाजूला काढलेले निव्वळ आवाजाचे तुकडे सहज ऐकायला मिळू लागले आणि २०१८च्या चरित्रपटाने नवे चाहते आणले. त्या चित्रपटात काही ठिकाणी आवाज एका कॅनेडियन गायकाचा आहे, म्हणून त्यावरून कुणी दाखला देऊ नये.

माझ्या यादीत वरची जागा अखेरच्या काळाला आहे. १९९० मध्ये ‘द शो मस्ट गो ऑन’चा कच्चा नमुना गिटारवादकाने फॉल्सेटोत गाऊन ठेवला होता आणि आजारी फ्रेडीला ते झेपेल का, अशी त्याला शंका होती. फ्रेडीने वोडकाचा घोट घेतला आणि ते भरीव आवाजात गाऊन दाखवलं. १९९१च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला ‘मदर लव्ह’ गाताना, मध्यावर आल्यावर ‘इथे अजून वर जायला हवं’ असं त्यानेच म्हटल्याचं गिटारवादक सांगतो. तो वर गेला. मग बरं वाटत नाही, उरलेलं नंतर करू, म्हणून थांबला. शेवटचं कडवं गिटारवादकाने गायलं.