एकाच धमनीचे दोन आश्रित: यकृतातील कर्करोगावरील संयुक्त उपचारांची पार्श्वभूमी

मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरू लागला की बहुधा आधी यकृत गाठतो, कारण आतड्यातले रक्त प्रवेशिका शिरेतून थेट तिथेच जाते. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच शिरेतून मिळते. वाढलेल्या गाठी मात्र मुख्यतः यकृताच्या धमनीवर पोसल्या जातात. ब्रीडिस आणि यंग या संशोधकांनी १९५४ मध्ये हा फरक दाखवला आणि धमनीतून औषध सोडण्याच्या कल्पनेला भक्कम आधार मिळाला.

त्यासाठी फ्लॉक्सयुरिडिन हे औषध विशेष उपयोगी ठरले, कारण यकृत पहिल्याच फेरीत त्याचा ९० टक्क्यांहून अधिक भाग शोषून घेते आणि उरलेल्या शरीराला फारच थोडी झळ पोहोचते. ते सतत देण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेला पंप पोटाच्या त्वचेखाली बसवता येई. त्याला बॅटरी लागत नसे: शरीराच्या उष्णतेने आतला वायू फुगे व औषध थेंबाथेंबाने धमनीत ढकलले जाई, त्वचेतून सुई घालून औषध पुन्हा भरले की तोच वायू दाबला जाऊन पुढच्या खेपेला सज्ज होई.

परंतु यकृताबाहेर गेलेल्या पेशी या उपायाच्या आवाक्यात येत नसत, म्हणून शिरेतून दिली जाणारी औषधे त्याला जोडली गेली. अमेरिकन कर्करोगतज्ज्ञ नॅन्सी केमेनी यांच्या गटाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, यकृतातील गाठी शस्त्रक्रियेने काढल्यानंतर दोन्ही मार्गांनी उपचार घेतलेल्यांपैकी ८६ टक्के रुग्ण दोन वर्षांनी हयात होते. फक्त शिरेतून औषध घेतलेल्यांत हे प्रमाण ७२ टक्के होते.

२००४ मध्ये अमेरिकेत सेटुक्सिमॅब आणि बेव्हासिझुमॅब या लक्ष्यवेधी (कर्करोगाच्या वाढीतील ठरावीक रेणूंवर नेम धरणाऱ्या) औषधांना मान्यता मिळाली, तेव्हा त्यांचीही जोड देऊन पाहणे ओघानेच आले. येथे धमनीची दुसरी बाजू पुढे आली, आणि माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धडा तोच आहे: पित्तनलिकाही याच धमनीवर जगतात. फ्लॉक्सयुरिडिनने त्या आधीच आकसू शकतात, म्हणून पंपात डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारे स्टेरॉइड मिसळण्याची प्रथा पडली होती. त्यात रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅबची भर पडल्यावर पित्तमार्गाची इजा वाढली, अपेक्षित लाभ मात्र दिसला नाही.

सेटुक्सिमॅबचा अनुभव अधिक आशादायक होता. गाठीच्या पेशींतील केआरएएस (KRAS) या जनुकात बदल असल्यास ते निष्फळ ठरते, हे २००८ च्या सुमारास स्पष्ट झाल्याने रुग्णांची निवड नेमकी करता येऊ लागली. आधीचे उपचार अपुरे पडलेल्या ६४ रुग्णांवरील ऑप्टिलिव्ह या युरोपीय अभ्यासात धमनीतून तीन औषधे आणि शिरेतून सेटुक्सिमॅब दिल्यावर, शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर समजल्या गेलेल्या गाठी सुमारे ३० टक्के रुग्णांत काढता आल्या.